‘सोशल सिग्नल’ : एका शब्दाची पार्श्वभूमी

व्यवसायाचे संकेतस्थळ शोधनिकालांत वर यावे यासाठी समाजमाध्यमांवर सक्रिय राहा, हा सल्ला आज इतका सर्रास दिला जातो की त्यामागे नेमके काय गृहीत धरले आहे, हे सहसा कोणी विचारत नाही. एसईओच्या, म्हणजे संकेतस्थळ शोधनिकालांत वर आणण्याच्या सेवेच्या, प्रस्तावांमध्ये या कामाला ‘सोशल सिग्नल’ असे नाव असते आणि लाइक, शेअर व फॉलोअर वाढले की गूगलवरील क्रमही सुधारतो, असे त्यातून सूचित केले जाते. हा समज कोणी हवेतून काढलेला नव्हता. एकेकाळी शोधयंत्रांनी स्वतःच त्याला दुजोरा दिला होता. तो दुजोरा पुढे मागे घेतला गेला, पण शब्द मात्र बाजारात तसाच राहिला.

एखाद्या पानाला इतर संकेतस्थळांवरून किती आणि कसे दुवे (लिंक) मिळाले यावरून शोधयंत्र त्या पानाचे वजन ठरवते. समाजमाध्यमांच्या संदर्भात महत्त्वाची ठरते ती जानेवारी २००५ मध्ये मोठ्या शोधयंत्रांनी मिळून स्वीकारलेली ‘नोफॉलो’ ही खूण, म्हणजे हा दुवा क्रमवारीसाठी मोजू नये अशी शोधयंत्राला दिलेली आज्ञा. टिप्पण्यांमधून होणारा दुव्यांचा भडिमार थोपवण्यासाठी ती आणली गेली होती. वापरकर्त्यांनी टाकलेल्या दुव्यांना हीच खूण लावण्याची रीत नंतर मोठ्या समाजमाध्यमांनीही अंगीकारली. त्यामुळे तेथे दिलेला दुवा हा दुसऱ्या संकेतस्थळाने दिलेल्या दुव्याइतका मोलाचा नाही, हे त्या काळी जाणकारांना स्पष्ट होते. वापरकर्त्यांच्या मतांनुसार दुवे वर आणणाऱ्या डिगसारख्या मंचांच्या मुख्य पानावर झळकण्याची धडपड होती ती वेगळ्या कारणासाठी : तेथून येणाऱ्या गर्दीतील काही जण आपापल्या ब्लॉगवर त्या पानाचा दुवा देत, आणि तो दुवा मोजला जाई.

खरा गुंता २००९ नंतर सुरू झाला. त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये गूगल आणि मायक्रोसॉफ्टचे शोधयंत्र बिंग या दोघांनीही ट्विटरशी करार जाहीर केले आणि डिसेंबरमध्ये गूगलच्या निकालांत ताजे ट्विट दिसू लागले. डिसेंबर २०१० मध्ये एका जाणकार पत्रकाराने विचारलेल्या प्रश्नांना उत्तर देताना दोन्ही शोधयंत्रांनी मान्य केले की ट्विटरवरून वाटले जाणारे दुवे क्रमवारीत विचारात घेतले जातात आणि दुवा देणाऱ्या खात्याची पतही पाहिली जाते. ‘सोशल सिग्नल’ या शब्दाला अधिकृत वजन आले ते येथे. मात्र त्या कबुलीतील दोन मर्यादा फारशा कोणी वाचल्या नाहीत. वापर मर्यादित असल्याचे गूगलने सांगितले होते, आणि कसोटी लाइकच्या बेरजेची नसून दुवा कोण देतो याची होती. शिवाय ही सारी इमारत करारावर उभी होती. जुलै २०११ मध्ये गूगलचा करार संपला, तो वाढवला गेला नाही आणि ताज्या ट्विटचा शोधही बंद पडला. कबुलीचा आधार अशा रीतीने सात-आठ महिन्यांतच निखळला होता, परंतु ती कबुली त्यानंतर कित्येक वर्षे पुरावा म्हणून पुढे केली जात राहिली.

त्याच सुमारास गूगलने स्वतःचे समाजमाध्यम, गूगल प्लस, सुरू केल्याने संभ्रमात भर पडली. जानेवारी २०१२ पासून वापरकर्त्याच्या परिचितांनी सुचवलेली पाने त्याच्या निकालांत ठळकपणे दिसू लागली. हा बदल ज्याच्या-त्याच्या निकालांपुरता होता. आपल्याच खात्यातून शोध घेऊन आपले पान वर आल्याचे समाधान मानणाऱ्या व्यावसायिकाला हा फरक कळणे कठीण होते, आणि तो समजावून सांगण्यात सेवा विकणाऱ्याचाही लाभ नव्हता. जोडीला सहसंबंध दाखवणारे अभ्यास आले : ज्या पानांना शेअर अधिक, त्यांचे क्रमही वरचे. चांगल्या पानाला शेअर आणि दुवे दोन्ही मिळतात, ही साधी शक्यता तक्त्यांखाली झाकली गेली. एप्रिल २०१२ मध्ये कृत्रिम दुव्यांवर ‘पेंग्विन’ या गूगलच्या क्रमवारीतील बदलाने कारवाई झाल्यानंतर तर दुवे विकण्यापेक्षा लाइकची पॅकेजे विकणे अधिक निर्धोक वाटू लागले.

जानेवारी २०१४ मध्ये गूगलच्या स्पॅमविरोधी विभागाच्या प्रमुखाने एका चित्रफितीत स्पष्ट सांगितले की फेसबुक आणि ट्विटरवरील पाने इतर कोणत्याही पानासारखीच हाताळली जातात. फॉलोअर किंवा लाइक यांची संख्या क्रमवारीत घेतली जात नाही. त्याची कारणेही दिली होती. एका समाजमाध्यमाने सुमारे दीड महिना आपली पाने गूगलला क्रॉल करू, म्हणजे आपोआप वाचून नोंदवू, दिली नव्हती. अशा बेभरवशाच्या स्रोतावर खास यंत्रणा कशी उभारावी? माणसांची आपसांतली नाती बदलतात आणि शोधयंत्राकडे मात्र जुनीच नोंद राहण्याची भीती असते, हे दुसरे कारण. प्रस्तुत लेखकाच्या मते या विषयावरचे सर्वांत प्रामाणिक निवेदन हेच, आणि सर्वांत कमी उद्धृत केले जाणारेही हेच.

त्यानंतरच्या घडामोडींनी प्रश्नच बदलला. २०१५ मध्ये ट्विटरशी नवा करार होऊन ट्विट मोबाइलवरील निकालांत परतले, पण ते स्वतंत्र निकाल म्हणून. त्यांमुळे संकेतस्थळाचा क्रम वाढत नव्हता. सप्टेंबर २०१९ मध्ये ‘नोफॉलो’ ही सक्त आज्ञा न राहता केवळ सूचना असल्याचे गूगलने जाहीर केले आणि वापरकर्त्यांनी टाकलेल्या व पैसे देऊन मिळवलेल्या दुव्यांसाठी वेगळ्या खुणा दिल्या. यावरून समाजमाध्यमांतील दुवे आता मोजले जातात असा निष्कर्ष काहींनी घाईने काढला. सूचना पाळायची की नाही हे शोधयंत्राच्या हाती राहते, एवढाच त्याचा अर्थ होता. त्याच वर्षी एप्रिलमध्ये सर्वसामान्य वापरकर्त्यांसाठीचे गूगल प्लस बंद झाले आणि तेथे जमवलेली सारी मान्यता त्याच्याबरोबर गेली.

जुलै २०२५ पासून इन्स्टाग्रामवरील व्यावसायिक खात्यांच्या सार्वजनिक नोंदी (पोस्ट) शोधयंत्रांना खुल्या झाल्या आहेत. म्हणजे व्यवसायाच्या नावाने शोध घेणाऱ्याला त्याच्या संकेतस्थळाशेजारी, क्वचित त्याच्याही वर, त्याचीच इन्स्टाग्रामवरील नोंद दिसू शकते. तो तेथूनच इन्स्टाग्रामवर गेला, तर ती भेट संकेतस्थळाच्या आकडेवारीत मोजली जात नाही, आणि एसईओच्या मासिक अहवालात तिला कोणत्या रकान्यात बसवायचे हे अजून ठरलेले नाही.