जनुक-संक्रमण, क्षैतिज (वनस्पतिरोगकारक जिवाणूंमधील)

एका जिवाणूची जनुके त्याच्या संततीत न जाता शेजारच्या, कधी तर वेगळ्याच जातीच्या, जिवाणूत जाण्याची क्रिया. तिचे तीन मार्ग आहेत : मेलेल्या पेशीचा सांडलेला डीएनए उचलणे (ग्रिफिथ, १९२८), दोन पेशींचे संयुग्मन (लेडरबर्ग व टेटम, १९४६) आणि जिवाणुभक्षक विषाणूमार्फत वहन (झिंडर व लेडरबर्ग, १९५२). वांगी-टोमॅटोवर मर आणणारा राल्स्टोनिया पहिल्यात पटाईत आहे. शेतीला जास्त भोवतो तो दुसरा. त्यात प्लाझ्मिड हे डीएनएचे छोटे कडे दुसऱ्या पेशीत जाते. विरजण दिले तरी घरचे दही राहते, तशी मूळ प्रत देणाऱ्याकडे उरतेच.

विदर्भातले ठळक उदाहरण लिंबावरच्या खैऱ्या (कँकर) रोगाचे. अकोल्याकडच्या कागदी लिंबाला तो फार छळतो, नागपुरी संत्र्याला त्या मानाने कमी. त्याचा जिवाणू झॅन्थोमोनास सिट्री वाऱ्या-पावसाने पसरतो आणि पाने पोखरणाऱ्या अळीच्या जखमांतून आत शिरतो. २००२ मध्ये त्याचा जीनोम (सगळा जनुकसंच) प्रसिद्ध झाला, तेव्हा दोन प्लाझ्मिडांवर पीटीएच-ए जनुकाच्या चार प्रती आढळल्या. त्यांतल्या एकीचे प्रथिन झाडाच्या पेशीत शिरून झाडाचेच एक जनुक चालू करते. पेशी फुगून फुटतात, फळावर खडबडीत फोड येतात. रोग घडवणारे मुख्य जनुकच असे फिरत्या डीएनएवर बसलेले. दक्षिण अमेरिकेतल्या त्याच्या एका भाईबंदाचा प्लाझ्मिड तर पानाच्या आतच दुसऱ्या पेशीत गेला आणि रोगक्षमता गमावलेला जिवाणू पुन्हा रोग करू लागला, असे प्रयोगात दिसले आहे. पऱ्हाटीवर कोनात्मक ठिपके पाडणाऱ्या झॅन्थोमोनासाचीही अशी काही जनुके प्लाझ्मिडावर असतात. अशी जनुके पेशीपेशींत फिरू शकतात, म्हणून रोगप्रतिकारक वाणाचा भरवसा कायमचा धरता येत नाही.

खैऱ्या दिसला की कास्तकार स्ट्रेप्टोसायक्लिन (स्ट्रेप्टोमायसिन असलेले प्रतिजैविक) आणि कॉपर ऑक्सिक्लोराइड हे तांब्याचे औषध फवारत आला आहे. स्ट्रेप्टोमायसिनला दाद न देणारी एक जनुकजोडी सफरचंद-नासपतीवर रोग आणणाऱ्या एर्विनिया जिवाणूत उड्या मारणाऱ्या डीएनए-तुकड्यावर सापडली. पुढे ती झॅन्थोमोनास आणि स्युडोमोनासातही आढळली. माणसाच्या आतड्यातले जिवाणूही ती बाळगू शकतात. तांब्याला पचवणारी जनुकेही बऱ्याचदा प्लाझ्मिडावरच असतात. फवारा ही जनुके घडवत नाही, ती बाळगणाऱ्यांना रान मोकळे करून देतो; तेव्हा मात्रा वाढवण्यापेक्षा रोगट फांद्या छाटून जाळणे आणि अळी आवरणे शहाणपणाचे.

अ‍ॅग्रोबॅक्टेरियम तर प्लाझ्मिडाचा तुकडा थेट झाडाच्या पेशीत घालतो व गाठी आणतो. २००२ मध्ये भारतात मान्यता मिळालेली पहिली बीटी कपाशी याच जिवाणूच्या मदतीने घडवलेली आहे.