मणक्याची शस्त्रक्रिया : खानदेशातील तयारी, मुक्काम आणि उभारी

मणक्याची शस्त्रक्रिया : मज्जारज्जूवर किंवा त्यातून निघणाऱ्या नसांवर आलेला दाब काढण्यासाठी, अथवा जागेवरून सरकू लागलेले मणके स्थिर करण्यासाठी केली जाणारी शस्त्रक्रिया. जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांत बोलताना तिला ‘गादीचं ऑपरेशन’, ‘नसचं ऑपरेशन’ किंवा नुसतं ‘मणक्याचं’ म्हणतात. शस्त्रक्रियागृहातले दोन-तीन तास हा या प्रकरणाचा सर्वांत छोटा भाग. त्याआधीची तयारी आणि नंतरचा शेतीचा जवळजवळ एक हंगाम घरच्यांना निभवावा लागतो. या नोंदीचा भर त्यावर आहे.

पाठीच्या कण्यात ३३ मणके धरतात : मानेचे ७, छातीमागचे १२, कमरेचे ५, त्रिकास्थीचे जुळलेले ५ आणि माकडहाडाचे ४. मान, छाती आणि कमर या भागांत दोन मणक्यांमध्ये बहुतेक ठिकाणी कुर्चेची चकती असते. तीच लोकांची ‘गादी’. गादीचा आतला मऊ भाग बाहेर आला की शेजारची नस दबते आणि कुल्ल्यापासून पोटरीपर्यंत कळ जाते. हीच सायटिका, आयुर्वेदातील गृध्रसी. या कळेचे मूळ पायात नसून सरकलेल्या गादीत असते, हे अमेरिकेतील मिक्स्टर आणि बार या शल्यविशारदांनी १९३४ मध्ये दाखवून दिले आणि गादीच्या शस्त्रक्रियेला पाया मिळाला. कमरेतील खालच्या दोन गाद्या सर्वाधिक सरकतात. म्हणून एमआरआयच्या अहवालात ‘एल ४–एल ५’ (कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली गादी) आणि ‘एल ५–एस १’ (पाचवा मणका आणि त्रिकास्थी यांमधली) ही अक्षरे पुन्हा पुन्हा दिसतात, आणि गावात ती ‘चौथा-पाचवा मणका गेला’ अशी वाचली जातात. मणका गेलेला नसतो.

दवाखान्यात अहिराणीत दोन तक्रारी ऐकू येतात : ‘मनी कंबर दुखस’ आणि ‘पायमा मुंग्या येतस’. ऐकायला सारख्या असल्या तरी शल्यविशारदाच्या लेखी त्या फार वेगळ्या. नस मोकळी करण्याच्या शस्त्रक्रियेने पायाची कळ बहुतेकदा कमी होते. वर्षानुवर्षे वाकून काम केल्याने धरलेली कंबर तिच्याने मोकळी होईलच असे नाही. कापूस वेचणारी बाई दिवसभर ओटी बांधून वाकलेली असते. रावेर-यावलच्या केळीबागांत मजूर वीस किलोच्या आसपासचा घड खांद्यावर घेऊन गाडीपर्यंत चिखलातून चालतो. अशांची कंबर निव्वळ गादीमुळे दुखत नाही. ‘ऑपरेशन करूनही कंबर दुखतेच’ ही नंतरची नाराजी बरेचदा आधी नीट न झालेल्या बोलण्यातून येते.

केव्हा करावी : गादी सरकलेल्या बहुतेकांना ६ ते १२ आठवड्यांत औषधे, थोडी विश्रांती आणि व्यायाम यांनी उतार पडतो. तोवर थांबणे शहाणपणाचे. मात्र लघवी अडकली किंवा नकळत होऊ लागली, मांड्यांमधला आणि बसण्याचा भाग बधिर झाला, पाऊल उचलेना आणि चप्पल पायातून निसटू लागली, तर थांबणे नाही. ती तातडीची वेळ, काही तासांचाही फरक पडतो. नेमकी इथेच खानदेशात वेळ जातो. कमरेत चमक भरली की पायाळू माणसाला बोलावून पाठीला पाय लावून घेण्याची रीत अजून आहे. साध्या उसणीला त्याने अपाय झाला नाही तर उतार आपसूकच पडतो आणि श्रेय पायाळूला जाते. पण दबलेल्या नसेवर लाथ बसली तर होते ते नुकसानच. झाडावरून किंवा विहिरीत पडलेल्या माणसाला हातपाय धरून, मधे झोळ पाडत उचलणेही तितकेच वाईट. त्याला फळीवर, अंग ओंडक्यासारखे सरळ ठेवून न्यावे.

क्षयाने किडलेला मणका हे आणखी एक कारण. त्यावर मुख्य उपचार गोळ्यांचा, सहसा वर्षभर किंवा अधिक. नसांवर दाब आला किंवा कुबड वाढू लागले तरच चाकू लागतो.

तयारी : रक्त, साखर, मूत्रपिंडाची तपासणी, ईसीजी, छातीचा एक्स-रे आणि फिजिशियनचे ‘फिटनेस’ हे सगळीकडे सारखेच. खानदेशात त्यात एक भर हवीच, ती सिकलसेलच्या तपासणीची. सातपुड्यातील भिल्ल, पावरा आणि इतर आदिवासी समाजांत हा आनुवंशिक रक्तदोष आढळतो. भूल, उपाशीपोटी राहून आलेली तहान, थंडगार शस्त्रक्रियागृह आणि प्राणवायूची कमतरता यांनी अशा रुग्णाच्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकून रक्तवाहिन्या तुंबवू शकतात. आधी कळले तर भूलतज्ज्ञ सलाईन, ऊब आणि रक्त यांची तजवीज करून ठेवतो. धडगाव-अक्कलकुव्याकडून आलेल्या रुग्णाच्या फाइलमध्ये हा कागद नसेल, तर नातेवाइकांनी स्वतःहून विचारावे.

तंबाखूबाबत डॉक्टर दोनदा बजावतात आणि रुग्ण दोनदा मान हलवतात. विडी, गुटखा, मळलेली तंबाखू, बायकांची मिसरी या सगळ्यांत निकोटिन असते आणि ते हाडाला होणारा रक्तपुरवठा आवळते. स्क्रू-सळई घालून दोन मणके जोडले तरी त्यांच्यामध्ये हाड धरावे लागते. तंबाखू चालू असेल तर ते न धरण्याची भीती वाढते. निदान ४ आठवडे आधीपासून आणि नंतर काही महिने सोडावी. मिसरीला पुष्कळ जणी ‘तंबाखू’ मानतच नाहीत, तेव्हा विचारताना नाव घेऊन विचारावे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आणि मधुमेहाची औषधे कधी थांबवायची, हे मात्र डॉक्टरने सांगितलेल्या दिवशीच. मेडिकलवाल्याच्या सल्ल्याने नव्हे.

पैशाची तयारी बहुतेकांची रेशनकार्डापासून सुरू होते. राज्य शासनाची जीवनदायी योजना २ जुलै २०१२ रोजी ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम लागू झाली, त्यांत धुळे होते. २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना या नावाने चालते. मणक्याच्या काही शस्त्रक्रिया तिच्यात बसतात, पण अंगीकृत, म्हणजे योजनेशी जोडलेल्या, रुग्णालयातच आणि आधी मंजुरी आल्यावरच. म्हणून रेशनकार्ड, आधारकार्ड घेऊन प्रथम रुग्णालयातील आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला, भेटावे, आगाऊ रक्कम मागाहून भरावी. धुळे, जळगाव आणि नंदुरबार येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत, तरी मोठ्या शस्त्रक्रियेसाठी जळगावकर, धुळेकर नाशिक, छत्रपती संभाजीनगर किंवा मुंबई गाठतात. नंदुरबारकरांना बरेचदा सुरत सोयीचे पडते.

घरची तयारी कुठल्याच फॉर्मवर नसते. दोरीची किंवा निवारीची खाट झोळ पडलेली असते, ती चालत नाही. फळीचा पलंग आणि त्यावर कापसाची पातळ, घट्ट गादी हवी. जमिनीवर अंथरूण नको, कारण उठताना कमरेतूनच उठावे लागते. उकिडवे बसायच्या संडासासाठी कमोडची खुर्ची आधीच आणून ठेवावी, तिची उंची रुग्णाला एकदा बसवून पाहावी. पाण्याचा तांब्या, मोबाइलचा चार्जर, औषधांची पिशवी कमरेच्या उंचीवर. ढोरांच्या दावणीचे काम कोण बघणार, हे ठरल्याशिवाय शेतकऱ्याचे मन दवाखान्यात लागत नाही.

तारीखही शेतीच बघून ठरते. तातडीची नसेल तर कापूस विकून हातात पैसा आल्यावर, म्हणजे थंडी ओसरताना, पुष्कळांना सोयीचे वाटते. आखाजी (अक्षय्य तृतीया) आणि लगीनसराई गाठून केलेली शस्त्रक्रिया त्रासाची : एक तर घरात पाहुणे, दुसरे म्हणजे मे महिन्यात पारा ४५ अंशांना टेकलेला असताना घामाने जखमेची पट्टी भिजते आणि कमरेचा पट्टा नकोसा होतो. त्या दिवसांत पट्ट्याखाली सुती बनियन घालावी आणि ती दिवसातून दोनदा बदलावी.

रुग्णालयातील मुक्काम : आदल्या रात्री सिस्टर उपाशी राहण्याची वेळ सांगते. घन अन्न साधारण ६ तास आधी आणि साधे पाणी २ तास आधी बंद. मंगळसूत्र, जोडवी, करदोडा, कवळी काढून घरच्यांकडे देतात. बोटाला लावायच्या यंत्राला प्राणवायूचे प्रमाण नीट दिसावे म्हणून नखांचा रंग पुसतात. कमरेच्या शस्त्रक्रियेत पूर्ण भूल देऊन रुग्णाला बहुधा पालथे झोपवतात. सी-आर्म या एक्स-रे यंत्रावर मणका मोजून खात्री करतात आणि मगच छेद घेतात. शुद्धीवर आल्यावर चेहरा थोडा सुजलेला, घसा खवखवणारा असतो. नळी घातल्याचा आणि पालथे झोपल्याचा तो परिणाम, घाबरण्यासारखा नाही.

पहिल्यांदा उभे राहणे हा मुक्कामातला खरा प्रसंग. साधी गादी काढलेली असेल तर त्याच संध्याकाळी किंवा दुसऱ्या सकाळी. फिजिओथेरपिस्ट म्हणते, ‘आबा, आधी कुशीवर व्हा.’ गुडघे दुमडायचे, खांदे आणि कुल्ले एकदम वळवायचे. मग पाय पलंगाखाली सोडत खालच्या कोपराने आणि वरच्या हाताच्या तळव्याने रेटा द्यायचा. पायांचे वजन खाली जाते, तसे धड आपोआप वर येते. दोन मिनिटे कडेला बसायचे, चक्कर ओसरू द्यायची, मग उभे. नेमके याच क्षणी मुलगा पुढे होतो आणि प्रेमाने मानेखाली हात घालून बापाला सरळ वर ओढतो. फिजिओथेरपिस्टच्या दिवसाचा अर्धा भाग अशा मुलांना थांबवण्यात जातो.

लघवीची नळी आणि जखमेतला ड्रेन (साचणारे रक्त बाहेर काढणारी नळी) सहसा एक-दोन दिवसांत निघतो. दुखण्याच्या गोळ्यांनी पोट साफ होत नाही आणि कुंथणे तर जखमेला त्रासाचे. त्यामुळे पातळ मुगाची खिचडी, केळी, भरपूर पाणी. ठेचा आणि शेवभाजीचा डबा नाशिकपर्यंत येतोच, तो सोबत आलेल्याने खावा. भेटायला जीप भरून येणाऱ्या नातेवाइकांना मात्र आवरायला हवे. माणुसकी म्हणून येतात हे खरे, पण नव्या जखमेजवळ वीस जण वाकून बघतात तेव्हा जंतूही बघतात. गादीच्या छोट्या शस्त्रक्रियेनंतर एक-दोन दिवसांत, मणके जोडले असतील तर तीन ते पाच दिवसांत घरी सोडतात.

घरचा प्रवास : मोटारीने जायचे तर पुढची सीट मागे कलती करून, तासाभराने थांबून पाच मिनिटे चालून. भुसावळच्या बाजूला रेल्वेचा खालचा बर्थ अधिक बरा, आडवे होता येते. मोटारसायकलवर मधे बसवून आणणे हा किस्सा गावोगावी ऐकू येतो. त्यातून कोणी सुखरूप पोचला म्हणून ती रीत होत नाही.

उभारी : टाके १० ते १४ दिवसांनी काढतात. तोवर जखम कोरडी. पहिले ६ आठवडे तीन ‘व’ पाळायचे : वाकायचे नाही, कमरेतून वळायचे नाही, वजन उचलायचे नाही. चालणे मात्र पहिल्या दिवसापासून, ओट्यापासून कोपऱ्यावरच्या लिंबापर्यंत, दिवसातून चार-पाच वेळा, रोज थोडे वाढवत. झोपून राहिल्याने कंबर बळकट होत नाही, उलट पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. कळ आधी जाते, बधिरपणा सावकाश. दबलेली नस महिनोन् महिने जागी होत राहते आणि काहींच्या अंगठ्यावर थोडी बधिरता कायम राहते. ताप, जखमेतून पू किंवा पाणी, बसल्यावर उठणारी डोकेदुखी, पोटरीला सूज, पायात नव्याने आलेला अशक्तपणा यांपैकी काहीही दिसले तर पुढच्या तारखेची वाट पाहू नये.

ट्रॅक्टरची सीट आणि खडीचा रस्ता साधारण तीन महिन्यांनंतर, तेही डॉक्टरने होय म्हटल्यावर. जोडलेले मणके एकजीव व्हायला सहा महिने ते वर्षही लागते. केळीचा घड किंवा खताची गोणी उचलण्याचे काम काहींना कायमचे सोडावे लागते आणि मजुराच्या घरात हा प्रश्न दुखण्यापेक्षा मोठा असतो. गादी काढलेल्यांपैकी शंभरात सुमारे ५ ते १५ जणांत ती त्याच जागी पुन्हा सरकू शकते.

मणके जोडताना घातलेले टायटॅनियमचे स्क्रू सहसा आतच राहतात. पुढे एमआरआय करता येतो, पण तो करणाऱ्याला आधी सांगावे लागते. त्यासाठी डिस्चार्ज कार्ड आणि शस्त्रक्रियेनंतरचा एक्स-रे जपून ठेवायचा असतो. बहुतेक घरांत तो सातबारा आणि रेशनकार्डाच्या पिशवीतच सापडतो.