वारा सुटतो तो विंड, तार गुंडाळतात ते वाइंड

गेल्या एप्रिलात देवगडच्या बागेतला पंप बंद पडला. मेकॅनिकने मोटार उघडली, जळका वास घेतला आणि म्हणाला, "भाऊ, वायंडिंग गेलां." बिलावरचं तेच स्पेलिंग घरी मी ऐटीत वाचलं, 'मोटर विंडिंग'. बरोबर होता तो मेकॅनिक.

डब्ल्यू, आय, एन, डी ही चार अक्षरं इंग्रजीत दोन शब्दांचं काम करतात. वारा असेल तर उच्चार 'विंड'. आपला 'वात' आणि हा विंड मुळात एकाच घराण्यातले. गुंडाळणं, वळणं, घड्याळाला चावी देणं असेल तर 'वाइंड'. मोटारीत तांब्याच्या तारेचे वेढे असतात म्हणून वाइंडिंग. वैभववाडीहून गगनबावड्याला चढणारा करूळ घाटही वाइंडिंग रोड. तिथे वारा कितीही भणाणला तरी विंडिंग नाही.

मजा म्हणजे वाऱ्यालाही एके काळी 'वाइंड' म्हणत. जुन्या इंग्रजी कवितेत त्याचं यमक 'काइंड'शी जुळतं. विंडमिलसारख्या जोडशब्दांत स्वर आखूडच राहिला होता, तोच पुढे सुट्या शब्दालाही चिकटला असं मानतात.

भूतकाळात आणखी गोंधळ. वाइंडचं 'वाउंड' होतं, पण त्याच स्पेलिंगचा जखम या अर्थाचा शब्द 'वूंड'. आणि बोटीवर नांगराची साखळी गुंडाळून वर घेणारं यंत्र? अर्थ गुंडाळण्याचा, उच्चार मात्र 'विंडलस'. इथे नियम सांगत बसू नये, शब्द पाठ करावा. 'विंडो' त्या मानाने सरळ: जुन्या नॉर्स भाषेतला 'वाऱ्याचा डोळा'. आपल्या गवाक्षात डोळा गाईचा, एवढाच फरक.

'विंडफॉल' या शब्दाशी मात्र माझं जमत नाही. वाऱ्याने आपोआप पडलेलं फळ, म्हणून आयता लाभ, हा इंग्रजी अर्थ. मे महिन्यात रात्री वळवाचा वारा सुटतो, पत्र्यावर धाडधाड आवाज येतात आणि सकाळी कलमाखाली हापूसचा खच पडलेला असतो. चेपलेला, डिंक लागलेला. तो पेटीत भरता येत नाही. कॅनिंगवाला देईल तो भाव घ्यायचा.

उच्चार विंडफॉल. लाभ कॅनिंगवाल्याचा.