पहिलीतील ‘दुसरी भाषा’: सोलापुरातून दिसणारी पार्श्वभूमी

लहान मुलांना आणखी एक भाषा कोणत्या इयत्तेपासून शिकवावी, हा वाद 2025 च्या एप्रिल ते जून या काळात, शासनाने पहिलीपासून हिंदी आणल्यावर, राज्यभर पेटला, तेव्हा सारी चर्चा हिंदीभोवती फिरत राहिली. सोलापुरात हा प्रश्न त्याहून जुना आहे आणि तो अडतो ती जागाही वेगळी आहे. येथे पहिलीच्या वर्गात बसलेल्या अनेक मुलांसाठी मराठी हीच दुसरी भाषा असते.

यामागचा दूरचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. कन्नड या भागात पूर्वीपासून आहे. सोलापूरचे बाराव्या शतकातील संत सिद्धरामेश्वर यांची वचने त्याच भाषेतील आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कापडगिरण्या आणि माग यांच्या ओढीने तेलंगणातून विणकर कुटुंबे आली, शहराच्या पूर्व भागात स्थिरावली आणि तेलुगू त्यांच्या घरांत टिकली. उर्दू होतीच. त्यामुळे शहरात मराठीबरोबर तेलुगू, कन्नड आणि उर्दू माध्यमांच्या शाळा उभ्या राहिल्या.

या शाळांना धोरणाचा आधार मिळाला तो 1949 मध्ये. प्रांतांच्या शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेने ठरविले की, प्रादेशिक भाषेहून वेगळी मातृभाषा असलेली मुले संपूर्ण शाळेत 40 किंवा एका वर्गात 10 असतील, तर त्यांच्यासाठी त्या भाषेचा किमान एक शिक्षक द्यावा. याच ठरावात, पालक जी भाषा मातृभाषा म्हणून सांगतील तीच मातृभाषा, असेही नमूद होते. पुढे 1956 च्या सातव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद 350-अ आला आणि भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिक्षणाची सोय करण्याचा प्रयत्न राज्यांनी करावा, असे संविधानातच लिहिले गेले.

खरा गुंता ‘दुसरी भाषा’ या शब्दात आहे आणि त्याकडे पुरेसे लक्ष दिले गेलेले नाही. भाषा शिकविणाऱ्याच्या दृष्टीने, मूल घरच्या भाषेनंतर जी शिकते ती दुसरी. शालेय व्यवस्थेत मात्र हा क्रम मुलावरून ठरत नाही, शाळेच्या माध्यमावरून ठरतो. विडी वळणाऱ्या आईची तेलुगू बोलणारी मुलगी तेलुगू माध्यमाच्या शाळेत गेली, तर तिच्या हाती मराठीचे ‘सुलभभारती’ येते. हे पुस्तक ज्यांची शाळा मराठी माध्यमाची नाही अशा मुलांसाठी, सोप्या पायरीने रचलेले असते. तिचीच मावसबहीण पलीकडच्या गल्लीतील मराठी शाळेत गेली, तर तिला ‘बालभारती’ मिळते, कारण कागदोपत्री मराठी ही तिची प्रथम भाषा ठरते. दोघींच्या घरी बोलली जाणारी भाषा एकच, पण एकीला मराठी शिकविली जाते आणि दुसरीला ती येतेच असे धरले जाते.

हा क्रम वरच्या इयत्तांतही स्थिर राहत नाही. मराठी माध्यमाची मुले इंग्रजी पहिलीपासून आणि हिंदी पाचवीपासून शिकतात, तरी दहावीच्या परीक्षेत हिंदी द्वितीय भाषा म्हणून येते आणि इंग्रजी तृतीय. 2025 च्या शासन निर्णयात तीच हिंदी पुन्हा ‘तृतीय भाषा’ झाली. पालकसभेत दुसरी-तिसरी हे शब्द उच्चारले की निम्मा वेळ कोणती भाषा कितवी हे समजावण्यात जातो, याचे नवल वाटू नये.

घरची भाषा आणि शाळेची मराठी यांतील फरक वर्गात लगेच ऐकू येतो. तेलुगूत ‘अम्मा वच्चिंदी’, ‘बस्सु वच्चिंदी’, ‘वान वच्चिंदी’ या तिन्ही वाक्यांत क्रियापदाचे रूप एकच राहते. मराठीत मात्र आई आली, बस आली, पण पाऊस आला. त्यामुळे तेलुगू घरातून आलेले पहिलीतील मूल ‘पाऊस आली’ म्हणते. ते आपल्या भाषेच्या नियमाने बरोबर बोलत असते आणि वहीत लाल खूण मात्र त्याच्या वाट्याला येते. उलट ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांतील भेद त्याला शिकवावा लागत नाही. ‘मेमु’ आणि ‘मनमु’ यांत तो घरीच भेटलेला असतो. ‘ळ’चेही तसेच, तो उच्चार तेलुगूतही आहे. शिक्षकाला इतकी माहिती असेल तर निम्मे काम हलके होते, पण मराठी ‘प्रथम भाषा’ म्हणून शिकवायची तर अशा तुलनेला जागाच उरत नाही.

जून 2000 पासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आली. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात इंग्रजी आठवीपर्यंत मागे नेली गेली होती, पुढे ती पाचवीवर आली होती. त्या मानाने ही मोठी उडी होती. इंग्रजी शाळांकडे जाणारी मुले थांबावीत, हा त्यामागचा हेतू समजण्यासारखा आहे. मात्र ‘वय जितके लहान तितकी भाषा सोपी’ हे गृहीतक अर्धेच खरे होते. लहान मुले उच्चार चांगले उचलतात. परंतु शाळेत मोजक्या तासिकांपुरती भेटणारी भाषा थोडी मोठी मुले अधिक वेगाने शिकतात, असे अभ्यासांत दिसून आले आहे. पूर्व भागातील मराठी शाळेत तर ही ‘दुसरी’ भाषा प्रत्यक्षात तिसरी होती आणि तिच्याआधीची पायरी अजून पक्की व्हायची होती.

2014 मध्ये शेजारच्या कर्नाटकातील माध्यमसक्तीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने निर्णय दिला की, मुलाची मातृभाषा कोणती हे पालक ठरवतील आणि राज्य ती माध्यम म्हणून लादू शकणार नाही. 1949 च्या ठरावातील वाक्य असे फिरून आले, पण या वेळी त्याचा लाभ इंग्रजी माध्यमाच्या बाजूने गेला. 2020 च्या राष्ट्रीय धोरणाने किमान पाचवीपर्यंत मातृभाषेचा आग्रह धरला तो ‘शक्य तेथे’ या शब्दांसह. त्याच वर्षी राज्याने कायदा करून सर्व शाळांत मराठी टप्प्याटप्प्याने सक्तीची केली.

16 एप्रिल 2025 च्या निर्णयाने मराठी व इंग्रजी माध्यमांत पहिलीपासून हिंदी अनिवार्य झाली. 17 जूनच्या सुधारित निर्णयात ‘अनिवार्य’ऐवजी ‘सर्वसाधारणपणे’ हा शब्द आला आणि हिंदीऐवजी दुसरी भारतीय भाषा हवी असल्यास वर्गातील किमान 20 विद्यार्थ्यांची अट आली. 1949 मध्ये हा आकडा 10 होता. तो दुप्पट कसा झाला, हे फारसे कोणी विचारले नाही. 29 जूनला दोन्ही निर्णय मागे घेतले गेले आणि विषय एका समितीकडे गेला.

या सर्व गदारोळात पहिलीच्या मुलांवर तीन भाषांचा भार नको, असे वारंवार सांगितले गेले. तेलुगू, कन्नड आणि उर्दू माध्यमांच्या शाळांत मात्र माध्यमभाषा, मराठी आणि इंग्रजी अशा तीन भाषा पहिलीपासून आधीच चालू होत्या, आणि निर्णय मागे घेतल्यानंतरही तेथील वेळापत्रकात काहीही बदलले नाही.