अडकित्त्यातील तरफ आणि कोपरातील तरफ

आठवीत शिकणाऱ्या माझ्या भाचीची हिंदीभाषक मैत्रीण परवा आमच्याकडे अभ्यासाला आली होती. विज्ञानाच्या मराठी पुस्तकात ‘तरफ’ हा शब्द दिसताच तिने विचारले, ‘किस तरफ?’ नागपुरात दोन्ही भाषा एकाच अंगणात वावरतात, त्यामुळे हा प्रश्न अगदी स्वाभाविक होता. टेकूभोवती फिरणाऱ्या दांड्याच्या या साध्या यंत्राला हिंदीत उत्तोलक, म्हणजे वर उचलणारा, असे म्हणतात. इंग्रजीतील ‘लीव्हर’ हा शब्द ‘लेवारे’, म्हणजे उचलणे, या लॅटिन क्रियापदापासून फ्रेंचमार्गे आला असून त्याच्या मुळाशी असलेला ‘लेविस’, म्हणजे हलका, हा शब्द आपल्या ‘लघु’चा दूरचा भाऊबंद आहे. आपला ‘तरफ’ ऐकताच मात्र ‘तर्फे’ आणि ‘एकतर्फी’ आठवतात, आणि त्यांतील मूळ अरबी शब्दाचा अर्थ आहे बाजू. मला आपलाच शब्द अधिक आवडतो, कारण या यंत्राचे मर्म उचलण्यात नसून टेकूच्या कोणत्या बाजूला, किती अंतरावर कोण आहे, यात आहे.

पानठेल्यावरचा अडकित्ता पाहावा. वरचे धारदार पाते आणि खालची दांडी पुढच्या टोकाशी खिळ्याने जोडलेली असतात. तो खिळा हा टेकू. सुपारी मध्ये असते आणि हात दुसऱ्या टोकाला. सुपारी कडक निघाली की ठेलेवाला ती खिळ्याकडे सरकवतो, आणि तेवढ्याने ती फुटते. समजा, हात खिळ्यापासून 15 सेंटिमीटरवर आहे आणि सुपारी 3 सेंटिमीटरवर. मग हाताने 10 किलो वजनाइतका दाब दिला तरी सुपारीवर तो 50 किलोइतका पडतो. बल गुणिले टेकूपासूनचे अंतर हा गुणाकार दोन्हीकडे सारखा राहतो, हा नियम सिराक्यूजच्या आर्किमिडीजने इ. स. पू. तिसऱ्या शतकात भूमितीच्या रीतीने सिद्ध केला. या पाचपट बलाची किंमतही मोजावी लागते, कारण सुपारीजवळ पाते 1 सेंटिमीटर खाली यायचे तर हाताला 5 सेंटिमीटर सरकावे लागते. लांब दांड्याच्या जोरावर विजेवाचून अखंड चालणाऱ्या यंत्रांच्या चित्रफिती मोबाइलवर फिरतात, त्यांवर कोणीही विश्वास ठेवू नये आणि पैसे तर मुळीच गुंतवू नयेत. दांडा बल वाढवतो, ऊर्जा वाढवत नाही.

आपल्या कोपरात याच्या नेमका उलटा सौदा आहे, आणि तो मला सर्वांत विलक्षण वाटतो. कोपर हा टेकू. दंडाचा जो स्नायू फुगला की आपण बेटकुळी म्हणतो, तो कोपराच्या पुढे जेमतेम 4 सेंटिमीटरवर हाडाला जोडलेला असतो, तर तळहात साधारण 32 सेंटिमीटरवर असतो. म्हणजे हात काटकोनात धरून 2 किलो संत्र्यांची पिशवी पेलताना, हाताचे स्वतःचे वजन सोडून दिले तरी, त्या स्नायूला 16 किलो वजनाइतके ओढावे लागते. शरीराला हा तोटा परवडतो, कारण स्नायू जोरात ओढू शकतो, पण फारसा आखूड होऊ शकत नाही. तो 1 सेंटिमीटर आखडला की तळहात 8 सेंटिमीटर वर येतो, तोही तेवढ्याच वेळात, आणि बलात गमावलेले आठपट वेगात परत मिळते.

येथे अंतर म्हणजे हाडाची लांबी नव्हे, तर टेकूपासून बलाच्या रेषेवर टाकलेल्या लंबाची लांबी, हे लक्षात घ्यावे लागते. कोपर काटकोनात असताना पिशवीसाठी हे लंबांतर सर्वाधिक असते, आणि हात खाली नेऊ लागलो की ते कमी होत जाते. स्नायूचे स्वतःचे लंबांतरही घटते, पण शेवटी ते शून्य होत नाही. हात सरळ खाली सोडला की पिशवी थेट कोपराखाली लोंबते, तिचे लंबांतर जवळजवळ नाहीसे होते, बेटकुळी सैल पडते आणि उरतो तो फक्त बोटांत रुतणारा पिशवीचा बंद.