एनए झालं म्हणजे प्लॉट पुरापासून सुरक्षित?

धुळ्यापासून भुसावळपर्यंत फिरणारा समज असा: ‘प्लॉट एनए आहे, म्हणजे पुराची भीती नाही आणि नळ-गटार येणारच.’ सरकारी शिक्का असल्यावर असं वाटणं साहजिकच.

पण एनए म्हणजे त्या जमिनीचा शेतीखेरीज वापर करायला मिळालेली मुभा. पुराचा हिशोब वेगळा. सरासरी 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द म्हणजे निळी रेषा, 100 वर्षांतून एकदा येणाऱ्याची लाल. नदी ते निळी रेषा या पट्ट्यात घर बांधता येत नाही. निळी ते लाल या पट्ट्यात बांधता येतं, पण जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा 0.45 मीटर वर हवं. धुळ्याची पांझरा नदी उन्हाळ्यात कोरडी दिसते म्हणून रेषा सरकत नाही. 1872 मध्ये याच नदीच्या पुराने धुळ्याचं मोठं नुकसान केलं होतं.

पडताळायचं कसं? गट नंबर देऊन नगररचना कार्यालयातून झोन दाखला (जमीन कोणत्या वापराच्या पट्ट्यात येते ते सांगणारा) आणि भाग नकाशा (आराखड्यातला तेवढ्या जागेचा भाग) घ्या. पूररेषेचा नकाशा पाटबंधारे कार्यालयात विचारा. मग लेआउटची, म्हणजे प्लॉट-रस्ते पाडलेल्या आराखड्याची, मंजुरी तात्पुरती की अंतिम, ते पाहा. रस्ते, गटारी ही कामं सहसा अंतिम मंजुरीआधी व्हायची असतात. म्हणून कागद हातात घेऊन जागेवर जा, शक्यतो पावसाळ्यातच.