लालभडक डाळिंब गोडच असतं?

सोलापूरच्या मंडईत साल जितकी लाल तितकं डाळिंब गोड, असं समजून गिऱ्हाईक फळ उचलतं. खरं तर रंग वाणावर आणि उन्हावर ठरतो. 'गणेश' वाणाची साल पिवळसर-गुलाबी, दाणे फिकट. तरी चव गोड. 'भगवा' मात्र लालच.

पक्व फळ पूर्ण गोल राहत नाही, बाजू किंचित चपट्या होतात. टोकाच्या पाकळ्या आत वळतात. सारख्या आकाराची दोन फळं तोला, जड ते रसाळ. कच्चं आणून ठेवलं तर? तोडल्यावर डाळिंब पिकत नाही, नुसतं सुकतं.

तेल्या या डाळिंबावरच्या रोगाचा काळा डाग सालीपुरताच असेल तर दाणे खाता येतात, आणि भावही पाडून मागता येतो. डागावर चीर दिसली की सोडा. तिथून बुरशी आत शिरते.